गादीवाफ्याला तळ घाला: कोरड्या हवेत कमी पाण्यावर भाजीपाला

गादीवाफा मुळात पाणी घालवण्यासाठी आहे. पाऊस बेसुमार आणि जमीन चिबड असली की माती उचलून घ्यायची, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं आणि मुळं सडत नाहीत. हीच युक्ती कोरड्या, वाऱ्याच्या, तापणाऱ्या जागी जशीच्या तशी आणली तर ती आपल्यावरच उलटते. जमिनीतली माती फक्त वरून तापते, उचललेली माती चारही अंगांनी. सकाळी भरपूर पाणी दिलेलं असलं तरी दुपारी पानं माना टाकून बसतात आणि खालून ओघळ वाहून गेलेला दिसतो.

रखरखीत भागात पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारे लोक म्हणूनच उलट वागत आले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या झुनी या आदिवासी लोकांच्या पारंपरिक बागांत वाफे खोलगट चौकोनांचे असतात. प्रत्येक चौकोनाभोवती मातीचा बुटका बांध आणि मधल्या खळग्यात रोप. आलेलं पाणी तिथेच मुरतं.

तुमची जमीन बरी असेल तर तुम्हीही खोलगट वाफेच करा. हा लेख इथेच सोडलात तरी चालेल! पण खाली मुरूम-खडक असेल, जमीन क्षारपड असेल, फरसबंद अंगण असेल किंवा गुडघे वाकत नसतील तर वाफा उचलण्याला पर्याय नाही. तेव्हा त्याला पाणी न गळणारा तळ घालायचा. खाली पाण्याचं पोट आणि वर माती. दिव्याची वात तेल ओढते तसं माती खालचं पाणी वर ओढून घेते. पाणी वरून कमी, खालून जास्त. एवढंच तत्त्व आहे, पण ते बिघडवण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

आधी पाण्याचं गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लीटर. कडक उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, पानांनी भरलेल्या वाफ्यातून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी सहज उडतं. म्हणजे २ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्याला रोज १२ ते १६ लीटर.

साध्या गादीवाफ्यात ३० सेंटीमीटर खोल चांगली माती असेल तर झाडांना घेता येईल असं पाणी त्यात साधारण ९० लीटर मावतं. त्यातलं निम्मं संपलं की झाडाला ताण बसायला लागतो. म्हणजे तीन-चार दिवसांची बेगमी, तीही मुळं पूर्ण खोलीपर्यंत गेली असतील तर. खाली २० सेंटीमीटरचं पोट दिलं की आणखी १३०-१४० लीटर हाताशी येतात. आठ-दहा दिवस बिनघोर जातात आणि निचऱ्यातून वाया जाणारं पाणी जवळपास थांबतं. बचत मुख्यतः तिथली आहे. झाड जेवढं पाणी पितं तेवढं ते पिणारच.

जागा, माप, वजन

रुंदी एक मीटरच ठेवा, फार तर १.२ मीटर. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येता कामा नये. भिंतीला लागून असेल तर ६० ते ७५ सेंटीमीटर पुरे. भाज्यांना सहा तास ऊन लागतं. कोरड्या प्रदेशात ते सकाळचं मिळालं आणि तिसऱ्या प्रहरी सावली आली तर सोन्याहून पिवळं. पश्चिमेकडच्या उन्हात उभा केलेला पत्र्याचा वाफा म्हणजे भट्टी.

गच्चीवर करायचा बेत असेल तर आधी वजन मोजा. ओली माती, खडी आणि पाणी मिळून चौरस मीटरला ८०० ते ९०० किलो होतात. साध्या घराची गच्ची इतक्या भारासाठी बांधलेली नसते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथे हा प्रकार करू नका.

एकूण उंची ६० सेंटीमीटर धरा: पोट २०, माती ३०, आच्छादन ५ आणि वर थोडी मोकळी कड. मातीची जाडी का वाढवू नये, ते मातीच्या भागात सांगतो.

कडा कशाच्या

वीट, दगड, सिमेंटचे ठोकळे, जस्ताचा पन्हळी पत्रा, चांगलं लाकूड, जे मिळेल ते. फक्त दोन गोष्टी टाळा: रेल्वेचे जुने स्लीपर, कारण ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात भिजवलेले असतात; आणि ज्याचा इतिहास माहीत नाही असं जुनं, रसायन पाजलेलं लाकूड, कारण त्यात आर्सेनिक असू शकतं. पत्रा वापरलात तर उन्हाच्या बाजूला आतून जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर किंवा फोमचा पातळ पत्रा लावा, नाहीतर कडेची मुळं भाजतात.

खड्डा आणि अस्तर

जमीन खणता येत असेल तर वाफा १५ सेंटीमीटर जमिनीत उतरवा. पाण्याचं पोट जमिनीत राहिलं की पाणी थंड राहतं आणि कडांवरचा दाबही कमी होतो. आणखी खोल गाडायचा मोह होईल. तो आवरा, कारण पोट भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर पडायचं भोक तळापासून २० सेंटीमीटरवर असतं आणि ते जमिनीच्या वरच हवं. ते जमिनीखाली गेलं तर पहिल्या मोठ्या पावसात वाफ्याची विहीर होईल.

तळ पाणसळीने तपासा. दोन मीटरच्या लांबीत तीन सेंटीमीटरचा उतार राहिला तरी एका टोकाला मुळं पाण्यात बुडतात आणि दुसरं टोक कोरडं राहतं. टोकदार खडे, मुळं, खिळे वेचून काढा, दोन-तीन सेंटीमीटर बारीक रेती किंवा जुनी सतरंजी पसरा आणि त्यावर अस्तर टाका. शेततळ्याला वापरतात तसा ५०० मायक्रॉनचा जाड प्लास्टिकचा कागद चांगला. पातळ प्लास्टिक टाकून पैसे वाचवू नका. गळती सापडेपर्यंत वर सहाशे लीटर माती बसलेली असते.

कोपऱ्यात कागद कापायचा नाही, पाकिटासारखी घडी घालायची. ओढून ताणायचा नाही, सैल सोडायचा, म्हणजे वजन आल्यावर तो फाटत नाही. कडा विटांच्या असतील तर अस्तर वरपर्यंत न्या, विटा पाणी शोषून बाहेर उडवतात. वरची किनार मात्र उन्हात उघडी ठेवू नका.

आता बाहेर पडायचं भोक. तळापासून २० सेंटीमीटरवर, टाकीला नळ जोडताना लावतात तो टँक निपल दोन्ही बाजूंनी रबरी वायसर घालून घट्ट बसवा. आतल्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मग पोट पाण्याने भरून कडेला पेनने खूण करा आणि पुरते २४ तास थांबा. चार-पाच मिलिमीटर घट उन्हाची असते. बोटभर पाणी गेलं तर गळती आहे. हा एक दिवस घाईत वाया गेल्यासारखा वाटतो, तरी तो घालवाच.

पोट: खडी आणि वाती

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. पुष्कळ जण खालचा थर खडीने भरतात, त्यावर कापड, त्यावर माती, आणि पाणी आपोआप वर चढेल असं धरून चालतात. चढत नाही. बारीक फटीतून पाणी उंच जातं, मोठ्या फटीतून नाही. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते १५ सेंटीमीटर चढतं, तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत जेमतेम दीड सेंटीमीटर. खडीतल्या फटी त्याहूनही मोठ्या. पोट काठोकाठ भरलेलं असतं तोवर माती पाण्याला टेकून ओली राहते, आणि पातळी चार बोटं उतरली की खाली शंभर लीटर पाणी असूनही वरचं रोप सुकतं.

म्हणून वाती हव्यात. २० सेंटीमीटर व्यासाच्या, भोकं पाडलेल्या सहा टोपल्या किंवा जुन्या बादल्या तळावर सारख्या अंतरावर ठेवा. वाफ्याच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा त्यांना मिळते, तेवढी पुरते. त्यांत रेताड पोयटा (रेतीमिश्रित गाळाची माती) दाबून भरा. खत, शेण, पाला यांतलं काहीही घालायचं नाही. मग टोपल्यांच्या मधली जागा २० मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीने टोपलीच्या काठापर्यंत भरा. धुतलेलीच घ्या, भुकटी तळाशी बसून पाणी भरायची नळी बुजवते.

खडीत पाणी किती मावतं ते घरीच मोजता येतं. दहा लीटरची बादली खडीने भरा आणि काठापर्यंत पाणी ओता. साडेतीन ते चार लीटर मावतं. खडीऐवजी मोठ्या व्यासाच्या भोकं पाडलेल्या नळ्या आडव्या टाकल्या तर जवळपास दुप्पट पाणी मावतं, फक्त वरच्या मातीचं वजन पेलेल इतक्या त्या दणकट हव्यात.

माझा पहिला वाफा इथेच फसला होता. खडीचा खर्च वाचवायला मी पोटात ओंडके आणि अर्धवट कुजलेला पाला भरला. तीन महिन्यांनी नळीचं झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. पाण्याखाली हवा नसते, तिथे सेंद्रिय पदार्थ कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मुळं काळी पडतात. सगळा वाफा उपसला. तेव्हापासून पाण्याच्या पातळीखाली पानसुद्धा जाऊ देत नाही.

पाणी भरायला ५० मिलिमीटरची पीव्हीसी नळी एका कोपऱ्यात उभी करा. खाली एल्बो (काटकोनी जोड) लावून भोकं पाडलेला मीटरभर तुकडा तळावर आडवा न्या. नळी आच्छादनाच्या वर वीतभर राहू द्या आणि झाकण लावा. झाकण आणि बाहेरच्या भोकाची जाळी हे चोचले नव्हेत. उकाड्यात डासांची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांत होते, आणि तुमच्या पोटातलं पाणी तेवढेच दिवस स्थिर असतं. नळीत बूच अडकवलेली बारीक काठी सोडून ठेवली की पाणी किती आहे ते झाकण काढताच दिसतं.

खडीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) कापड किंवा शेडनेटचा दुपदरी तुकडा अंथरा. टोपल्यांच्या तोंडावर तो गोल कापा, म्हणजे वातीची माती वरच्या मातीला थेट भिडेल. गोणपाट नको, एका वर्षात कुजतं.

माती

वर ३० सेंटीमीटरच माती का? साध्या बागेच्या मातीत पाणी कामापुरतं चढतं ते तेवढंच. चिकण माती त्याहून उंच ओढते, पण इतकी सावकाश की उन्हाळ्यात झाडाची मागणी पुरी होत नाही, आणि तिच्यात हवाही खेळत नाही. नुसत्या रेतीत ओल मध्येच थांबते. मला जमलेलं मिश्रण असं: एक भाग चाळलेला पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत, आणि तिसऱ्या भागात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाड रेती. आपल्या वाफ्याला एकूण ६०० लीटर लागेल. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं.

भरताना दर १० सेंटीमीटरला झारीने ओलवत चला. कोरडी भरून खालून पाणी द्यायचं ठरवलंत तर माती ते वर ओढायला फार वेळ लावते, आणि मधे कोरडा थर राहिला तर ओल तिथेच अडते. वर्षभरात माती आठवा-दहावा हिस्सा खाली बसेल, तेव्हा थोडं मिश्रण राखून ठेवा.

लागवड

वरचे दोन-तीन सेंटीमीटर मुद्दाम कोरडे राहतात, बाष्पीभवन त्यामुळेच कमी होतं. पण बी तिथेच पेरलेलं असतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे वरून हलकं पाणी द्यावंच लागतं. रोप वीतभर झालं, मुळं खाली उतरली की झारी बंद. शक्य असेल तिथे तयार रोपंच लावा आणि ती संध्याकाळी लावा.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, घेवडा आणि सगळ्या पालेभाज्या अशा वाफ्यात खूश असतात. रोझमेरी, थाइमसारख्या कोरडेपणा आवडणाऱ्या वनस्पती नकोत. शेवगा, कढीपत्ता यांसारखी झाडं तर अजिबातच नकोत, मुळं अस्तर शोधून काढतात. दाटीचा मोह आवरा: टोमॅटोला ५०-६० सेंटीमीटर, मिरचीला ४०-४५. पाणी हाताशी आहे म्हणून दुप्पट रोपं लावली की दहा दिवसांचं पोट पाच दिवसांत रिकामं होतं.

खताचं पाणी नळीतून पोटात सोडू नका. इथे निचरा नाही, दिलेलं खत आतच राहतं, म्हणून नेहमीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. ओंजळभर गांडूळखत रोपाभोवती वरून दिलेलं उत्तम.

पाणी कधी भरायचं

रोज भरायचं नाही. पोट सतत भरलेलं ठेवणं ही हौशी माणसाची चूक, आणि ती प्रेमापोटी होते. झाडाला ओल हवी तशी मुळांना हवाही हवी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था हवी. पोट तळाला जाऊ द्या, मग एक दिवस थांबा, मग बाहेरच्या भोकातून थेंब पडेपर्यंत भरा. पाणी उतरतं तशी वरून हवा आत ओढली जाते. शंका आली तर बोट दोन पेरं मातीत घाला. टोकाला गारवा लागला तर पाणी आहे. भर दुपारी पानं मलूल दिसली तरी घाबरू नका, झाड तेव्हा स्वतःच पाणी जपत असतं. सकाळी सहा वाजता मलूल असतील तर मात्र काहीतरी बिघडलंय.

आच्छादन, सावली, वारा

आच्छादन पाच ते आठ सेंटीमीटर: वाळलेलं गवत, पेंढा, पालापाचोळा, लाकडाचा चुरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. लाकडाचा ताजा चुरा वर पसरला तर ठीक, मातीत मिसळला तर नत्र खाऊन टाकतो.

सावलीसाठी पालेभाज्यांना ५० टक्क्यांची शेडनेट, फळभाज्यांना ३० ते ३५ टक्क्यांची. त्याहून दाट टाकली तर झाड उंच वाढतं आणि फुलत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर टोमॅटोची फुलं गळतात. त्याला पाणी किंवा खत हा इलाज नाही, हवा निवण्याची वाट पाहायची.

वाऱ्याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि पाणी तर वाराच पळवतो. आडोसा भक्कम भिंतीचा नको, वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. साधारण निम्मा वारा जाऊ देणारी जाळी, कूड किंवा दाट झुडपांची रांग चांगली. आडोशाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तिचा उपयोग होतो.

क्षार: या वाफ्याची खरी किंमत

पाणी सतत खालून वर जातं आणि उडतं. त्यातले क्षार उडत नाहीत. कोरड्या भागातलं पाणी बहुधा आधीच जड असतं, आणि बंद तळामुळे क्षार धुऊन जायला वाट नसते. वर्षभरात मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसते, पानांच्या कडा करपतात, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं!

टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने, आपलं पाणी मोजा. आकडा ४५० पीपीएमच्या (लीटरला मिलिग्रॅम) खाली असेल तर निवांत राहा, ४५० ते २००० असेल तर सांभाळून, त्यावर असेल तर पावसाचं पाणी साठवून मिसळल्याशिवाय हा वाफा करू नका. घेवडा, गाजर आणि कांदा क्षारांपुढे सर्वांत आधी हार मानतात; टोमॅटो-काकडी बऱ्यापैकी सोसतात; बीट दणकट. साबणाचं सांडपाणी इथे नकोच, त्यातलं सोडियम साचत राहतं आणि मातीची घडण मोडतं.

उपाय म्हणजे धुणं. वर्षातून दोनदा, दोन पिकांच्या मधल्या रिकाम्या वेळात, पोट रिकामं असताना वरून सावकाश भरपूर पाणी द्या, शक्यतो पावसाचं. ते माती धूत पोटात उतरेल. मग ड्रम उपसायला वापरतात तसा छोटा हातपंप नळीत घालून ते खारट पाणी उपसून बागेबाहेर टाका. पाणी वाचवायला केलेल्या वाफ्यात दीडशे लीटर फेकायला जीवावर येतं, मान्य आहे. पावसाळा चांगला असेल तर तेव्हा आच्छादन बाजूला करा, निम्मं काम आभाळ करतं.

एवढा खटाटोप नको असेल तर

बिनतळाच्या साध्या गादीवाफ्यात कच्च्या भाजणीची, चकाकी न दिलेली मडकी गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकणी ठेवा आणि पाणी भरत राहा. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही ही रीत आहे. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. मडक्याच्या भिंतीपासून वीत-दीड वीत अंतरातल्या रोपांना ते पुरतं. दोन-तीन हंगामांनी छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा मडकं काढून पातळ व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा आणि घासा. किंवा आच्छादनाखालून ठिबकची नळी टाका, दर ३० सेंटीमीटरवर ताशी दोन लीटरचा ड्रिपर. पाणी फुकट जाऊ नये म्हणून ते सकाळी, थोडं थोडं द्या.

काही बिघडलं तर

भरल्यावर दोनच दिवसांत पोट रिकामं झालं तर गळती आहे, आणि ती टँक निपलच्या पातळीखाली, अस्तरात आहे. पाणी फक्त टँक निपलच्या पातळीपर्यंत उतरून थांबत असेल तर तिथली माती थोडी काढून वायसर बदला, अख्खा वाफा उपसायला धावू नका. पाणी आहे पण रोपं सुकताहेत, तर वातींची माती खाली बसून वरच्या मातीपासून सुटली असेल. टोपलीच्या जागी खुरप्याने खोल भोक करून ओला पोयटा ठासून भरा. वास येत असेल तर आठवडाभर पोट रिकामं ठेवा, वरून जेमतेम पाणी द्या. बाहेरच्या भोकातून कधीच पाणी येत नसेल, अगदी ओतून ओतून थकलात तरी, तर आधी जाळी पाहा. गोगलगाय आत शिरून बसलेली मला दोनदा सापडली आहे.